डोणगावची मावशी

मंजुळाबाई: पुन्हा सांगून ठेवतो, ताने. तू इथी मावशी. डोणगावची मावशी. लेकरायसमोर दुसरा शब्द तोंडातून काढला, तं मी तुले पुन्हा बलावणार नाही.

तानाबाई: नाही काढत, जाऊबाई. तुमच्या गयाची आन.

मंजुळाबाई: अन् जाऊबाईही म्हणू नको, बाप्पा! नुसतं बाई म्हण. वच्छी आठ वर्साची झाली, तिले सारं समजते. नाम्याच्या पोटात तं काहीच राहत नाही. हे कापसाची गाडी घेऊन खामगावले गेले, म्हून आजचा दिवस साधला. ह्यायच्या कानावर गेलं तं मलेच घरातून काढतीन.

तानाबाई: तीन वर्सं झाले, बाई. तव्हा नाम्या मांडीवर होता. आता पाहा, वावराच्या धुऱ्यावरून कसा पयत येऊन राह्यला. चाल अगदी बापाची.

मंजुळाबाई: पाहून घे डोये भरून. पण रडू नको. अन् पाचची मोटर चुकवू नको.

वच्छी: मोठीमाय, गवऱ्या आणल्या! नाम्यानं दोनच आणल्या, अन् त्यातली एक फोडली. ही कोण वं?

मंजुळाबाई: डोणगावची मावशी. तुमाले पानगे करून खाऊ घालाले आली. पाया पडा.

तानाबाई: नाही, नाही, पाया नको. ये, अशी माह्याजवळ बस. तुले पीठ मयता येते का, वच्छे?

वच्छी: मले सारं येते. पण तुले माहं नाव कसं मालूम?

मंजुळाबाई: म्या सांगतलं. बोल कमी अन् पीठ मय.

तानाबाई: घट्ट मय. चांगला जोर लाव. अरे नाम्या, पाणी नको वतू! अरे, अरे, लेकरा... खीरच केली ना बे तू! राहू दे, राहू दे, रडू नको. मी अजून पीठ टाकतो. हे पाय, झालं का नाही? आता हा गोया घे अन् थाप. पातळ नको, पोळी नाही करून राह्यलो आपण. जाड ठेव. खाली पयसाचं पान, वर पयसाचं पान. हां, अस्सा! आता इस्त्यात मीच ठेवतो. तुमी हात नका लावू.

वच्छी: मावशी, नाम्या म्हणते त्याचा पानगा बईल हाये. त्यानं शिंगं काढले त्याले.

तानाबाई: काढू दे. शिंगं पयले जयतीन, मंग हा भोकाड पसरन. मी त्याले दुसरा करून देईन. दहा करून देईन.

मंजुळाबाई: अशी सवय लावू नको. उद्यापासून मलेच करा लागतीन.

तानाबाई: पाय वच्छे, पान कसं जयून कायं झालं. आता राख झटकाची. हयू, वाफ लागन. आला ना पानाचा वास? कर तोंड इकडे, फुकून देतो... गोड लागते का?

वच्छी: लय गोड लागते. नाम्या, तू शिंगं खाऊ नको, कोयसा झाले ते!

[तानाबाई दुसऱ्या पानग्याचा घास मोडते आणि सवयीनं धुऱ्यावरच्या दगडावर नेऊन ठेवते.]

मंजुळाबाई: ताने! इकडे ये. इकडे ये म्हणतो ना! काय केलं वं तू हे?

तानाबाई: काय केलं?

मंजुळाबाई: हयू बोल. निवृत्तीभाऊजीचा घास तू काऊन ठेवला? तुह्या हातचा आता त्याले चालत नाही. दुसऱ्यासंगं पाट लावला तू.

तानाबाई: हात आपोआप गेला, बाई. ते वारल्यावर वर्सभर ह्याच दगडावर मीच ठेवत होती ना. अन् पाट माह्या भावानं लावून देल्ला. मले कोणी इचारलं? म्हणे, एकली बाई कुठवर बसशील? लेकरं त्या घरचे, ते तिथीच राहतीन. मले बईलबंडीत बसवलं तव्हा वच्छी झोपली होती.

मंजुळाबाई: सकायी उठून तिनं सारं घर धुंडलं. कोठ्यात पाह्यलं, कणगीमांगं पाह्यलं. ते म्या पाह्यलं, ताने, तू नाही.

तानाबाई: रोज नव्या घरी ताटं वाढतो, बाई. अन् रोज मले ह्या दोघायचे ताटं दिसतात. लय आठवण येते हो मले. लय येते.

मंजुळाबाई: म्हून तं बलावलं तुले. पूस डोये. अरे नाम्या! तिकडे कुठी चालला? विहिरीकडे जाऊ नको! थांब, आली मी... ह्या पोट्ट्याच्या मांगं पयता पयता जीव चालला माहा.

वच्छी: मावशी.

तानाबाई: काय वं बाई? अजून एक देऊ?

वच्छी: नको. बाबाचा घास आमच्या घरचेच ठेवतात. मोठीमाय ठेवते, नाही तं मी. पाहुणे नाही ठेवत.

तानाबाई: चुकलं माहं.

वच्छी: तुह्या घरी लेकरं हायेत?

तानाबाई: हायेत ना. दोन पोट्टे हायेत.

वच्छी: त्यायलेही पानगे करून देतं?

तानाबाई: मांगतात तव्हा देतो.

वच्छी: ते तुले मावशी म्हणतात?

तानाबाई: नाही.

वच्छी: मंग काय म्हणतात?

तानाबाई: माय म्हणतात.

वच्छी: तूच हाये त्यायची माय?

तानाबाई: त्यायची मेली, वच्छे. म्हून मले म्हणतात.

वच्छी: आमची नाही मेली. मोठीमाय म्हणते, गेली. मेली, असं कधीच नाही म्हणत.

तानाबाई: वच्छे... माहे बाई...

वच्छी: रडू नको ना. नाम्याले कयलं तं तो मोठ्याबाबाले सांगन. मंग तुले कोणीच येऊ देणार नाही.

मंजुळाबाई: काय वं, काय चाललं दोघीयचं?

वच्छी: काही नाही, मोठीमाय. मावशीले इचारून राह्यली, आता कधी येतं म्हून.