फोटोमागची ओळ

हॅलो?… हां बाबा, बोला. उघडली का साईट?… बंद करू? अहो, सकाळी नऊला तर सुरू केली… काय म्हणतोय मोबाइल?… "नंतर लिहू"?… प्रत्येक फोटोला?… अकराच्या अकरा?

थांबा हं, केबिनचं दार लावून घेते.

हो, माझीच चूक. सांगते ना… प्रत्येक फोटोमागे एक ओळ असते. बघणाऱ्याला ती दिसत नाही. ज्याला फोटो दिसत नाही, त्याला मोबाइल ती वाचून दाखवतो. मी घाईघाईत तिथे "नंतर लिहू" टाकलं आणि… हो, राहूनच गेलं.

तपासलं होतं हो. तीन ब्राउझरवर, जुन्या मोबाइलवर, उभ्या पडद्यावर, आडव्या पडद्यावर. पान पटकन उघडावं म्हणून आठवडाभर फोटोंचं वजन उतरवत बसले होते… नाही, ऐकून कुणीच बघितलं नाही. ऑफिसात आम्ही सहाजण, सहाही डोळस.

हसा, हसा.

पण ऐका ना, बंद नका करायला लावू. लोक बघतायत तुम्ही काढलेले फोटो… हो, लोकांना दिसतात. कळतंय मला. फोटो तुमचे आणि तुम्हीच दाराबाहेर. फार वाईट वाटतंय, बाबा.

असं करू या? तुम्ही सांगा, मी लिहिते. आत्ताच… आठवतंय की सगळं तुम्हाला. डोळे गेल्यापासून दोन वर्षं या फोटोंबद्दल चकार शब्द नाही काढलात, म्हणून काय विसरलात?… चला. पहिला पुलाचा.

"धुक्यातला पूल"… हां… "पलीकडच्या टोकाला अजून उजाडलेलं नाही." मी इतके दिवस नुसतं धुकंच बघत होते… लिहिलं.

सायकलचं दुकान… "हवा भरणारा गातोय"? ते फोटोत कुठे दिसतं?… बरं बाई, तोंड उघडं आहे खरं. लिहिते.

नाही हो, कंटाळले नाही. मीही डोळे मिटून बसलेय… होतं टाइप, बोटांना पाठ आहे. खिडकीतून ऊन आलंय, पापण्यांच्या आत सगळं केशरी झालंय. तुम्ही सांगा सावकाश…

"ओल्या रस्त्यावर छत्रीचा लाल रंग सांडलाय"… झाले. दहा झाले. किती वेळ गेला, कळलंच नाही.

आता अकरावा… हो, आईचा. खिडकीपाशी, पाठमोरी. केस विंचरतेय.

बाबा?… आहात ना?… घाई नाही काही…

मी लिहू का? "खिडकीत आई"… नको. मग तुम्हीच… काय?… एकदा लिहिलं की ती तेवढीच उरेल, म्हणता?

हं… नाही, रडत नाहीये.

मग काय ठेवू?… आहे तेच?… नक्की?… बरं. हात नाही लावत.

बाकीचे दहा चढवले. मोबाइल स्पीकरवर टाका आणि पान पुन्हा उघडा, मलाही ऐकू दे… हां, पूल… सायकलवाला… असू द्या, जाऊ द्या पुढे…

आला अकरावा…

ऐकलं, बाबा… हो. लिहू की. नंतर.

ठेवते.