माहा आन् तुहा

थांब, थांब — तथी पाय नको देऊ, कोर्ट आत्ताच सारवलं, ओलं हाय. बाजूनं ये. अशी. बस बाकावर. तं मी म्हनत होती, फारमावर तुहं नाव लिहून ठेवलं, सही तेवढी राह्यली. उद्याच्या टपालानं नागपूरले गेलं पाह्यजे, नाही तं संपलं. हा साधा कपाचा खेळ नाही, पोरी, पैशाच्या बक्षिसाचा हाय — मुंबई-पुन्याच्या बाया, ज्यायचं पोटच टेनिसवर हाय, त्या येतात तथी — आन् डबलमंदी एकटीचं नाव कोनी घेत नाही. चार सालं झाले, मी जोडीदारीन पाहून राह्यली. तिशी उलटली माही. यंदा नाही तं कधीच नाही. आन् कोनी तयार होत नाही. काहून? ते तुले सांगतलंच असन कोनी. नाही सांगतलं? हां, तू आसेगावची, नाही का. तरीच.

मंग माह्याच तोंडून ऐक, म्हंजे लोकाईचं ऐकाले नको. माहा बाप देवमन, या सायबाईच्या क्लबात मार्कर होता — सायब लोकाईले खेळवाचं, जाळी बांधाची, शेन-मुरूम कालवून कोर्ट सारवाचं. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आन् दुसऱ्या दिवशी मले म्हने, लिले, आजपासून बॉल उचलाचे नाही, माराचे. तहसीलदारीनबाईनं नाक मुरडलं. मुरडो! भागिरथा, माळ्याची पोर, क्लबाच्या खानसाम्याले वांगे द्याले ये — बापानं तिच्याही हाती रॅकेट देली. दहा सालं खेळलो आमी दोघी संगं. तिच्या घरी माह्या हातचं पानी चालत नोतं, पन कोर्टाच्या रेघीच्या आत आली का ती माहीच. कोनाची नाही, माही.

आता डबलमंदी कसं रायते — दोघीच्या मधात बॉल आला तं तो कोनाचा? ते वरडून सांगा लागते. दुसऱ्या बाया इंग्रजीत वरडत, आमचे दोनच शब्द. मी घेतो तं ‘माहा’, तू घे तं ‘तुहा’. आन् तथीच घात झाला. नागपूरले सेमीफायनल. बॉल आला उंच, दोघीच्या मधात, उन्हात. मी वरडली — माहा! — आन् तिनं ऐकलं तुहा. शब्दच तसे मेले, गलक्यात निसता ‘हा’ ऐकू येते. ती आली बॉलाखाली आन् माही रॅकेट फिरली. लाकडाची कड. डावा डोळा गेला तिचा. पंच म्हने अपघात. डाक्टर म्हने अपघात. भागी सोता म्हने, मीच चुकीचं ऐकलं, लिलीचा काही कसूर नाही. मंग लोकाईले काय कराचं हाय?

पन लोकं ते लोकं. म्हनतात, दोघीचं बिनसलं होतं. काय बिनसलं? काही नाही! त्या दिवशी सकाळी चहा पेता पेता येवढंच म्हनली ती — लिले, पुढच्या साली मी पुन्याच्या बाईसंगं खेळन, तिनं इचारलं हाय मले. मी म्हनलं, खेळ ना बाप्पा. चहा पुरा पेली मी. राग कायचा? दहा सालं — माह्या बापानं तिले हात धरून शिकवलं — आन् ती चहात पाव बुडवता बुडवता सांगते, वर पाहतसुद्धा नाही. राग नोता. कोर्टावर मातर तिनं वर पाह्यलं — मी तुहा म्हनलं ना, तशी मान वर केली, डोळे बॉलावर, माह्याकडं वळून पाहाची गरजच नाही, येवढा भरोसा —

काय?

माहा म्हनलं. माहाच म्हनलं मी. तुहा कोन म्हनलं? पाह्य, आता तूही तसंच ऐकलं. म्हंजे शब्दच खराब हायेत, मी तं सांगतच होती.

सोड ते. तुहं सांग. सकाळी सर्व्हिस पाह्यली तुही — लय जोर हाय हातात. फेकाच्या पहिले बॉल दोनदा दाबते तू मुठीत. कोनं शिकवलं? आसेगावात कोर्ट कुठलं? खळ्यावर? खळं सारवून, मधात चऱ्हाट बांधून? अवो, पन शिकवलं कोनं? मावशीनं. कोनत्या मावशीनं?

तू भागीची भाची.

तिनंच धाडलं तुले? माह्याकडं? दर आयतवारी तिच्या दुकानावर जातो मी. चार सालं. ती भाजी तोलते, दोन वांगे वरतून टाकते, हसते. कधी म्हनली नाही का भाची तयार करून राह्यली. काय सांगून धाडलं तिनं? घाबरू नको, सांग. जसंच्या तसं सांग.

‘लिली काय वरडते ते ऐकू नको, तिच्या हाताकडं पाह्य.’

असं म्हनली.

म्हंजे तिनं बरोबरच ऐकलं होतं. चार सालं मालूम होतं तिले, आन् वांगे टाकत होती. व माय. शिव्या देल्या असत्या, थुकली असती तोंडावर, तं मी सोसलं असतं व.

ठेव तो पेन. सही नको करू. काय — तरी खेळशीन? सर्व्हिस तू करशीन, आन् मी नेटवर उभी राहू, तुह्याकडं पाठ करून? तिनं असंच सांगतलं का, पहिली सर्व्हिस तूच कर म्हून? बोल ना. हसून काहून राह्यली? नाही, पोरी. तुह्याकडं पाठ करनं माह्यानं होत नाही. फारम मी फाडतो — हे पाह्य, फाडला. ऊठ. जा आपल्या मावशीकडं. तू चाल समोर, मी मांगून फाटक लावतो.

जा म्हनलं ना. सरळ चाल. माह्या हाताकडं पाहत अशी उलट्या पायानं काहून चालून राह्यली?