भावाने माझ्या नावाने केलेली तपासणी

नाव वरच्या रकान्यात लिहून दिले आहे. वय ६७ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बाजारामागची गल्ली, दुसरा मजला.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की, घरी मी व बायको राहतो. धाकटा भाऊ, वय ६१, समोरच्या खोलीत एकटा राहतो. तो इमारतींना बाहेरून रंग देतो.

बायकोच्या आग्रहाने मी आरोग्य विम्याची चौकशी केली. एजंट म्हणाला, "काका, पासष्टीनंतर तपासणी लागते. जुने आजार लिहावे लागतात." मला वीस वर्षांपासून साखर आहे. साखर लिहिली तर विमा मिळणार नाही, असं मी धरून चाललो. पुढचं काही न विचारता मी फॉर्मवर 'आजार नाही' असं लिहिलं.

आम्हा भावांचा चेहरा एकाच छापाचा. ओळखपत्रावरचा फोटोही जुना. म्हणून गेल्या महिन्यात तपासणीला मी भावाला पाठवलं. तो हसून म्हणाला, "दादा, रक्तच मागताहेत ना? किडनी मागितली तर मात्र तू ये." सही त्याने माझ्या नावाने केली. परत आला तेव्हा जिन्यात धापा टाकत होता. मी म्हटलं, म्हातारा झालास की रे! दोघंही हसलो.

सोमवारी कंपनीचं पत्र आलं. हृदयाच्या तपासणीत गंभीर दोष आहे, विमा देता येत नाही, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. पत्रावर नाव माझं होतं. बायको रडायला लागली. तिला खरं सांगायची माझी छाती झाली नाही. भावालाही सांगितलं नाही. लबाडी उघडी पडली तर बेड्या पडतील, या भीतीने दोन दिवस पत्र मशीनच्या खणात ठेवलं.

आज सकाळी एजंटला घाबरत फोन केला, साखर लपवल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "अहो काका, साखर असूनही विमा मिळाला असता. त्या आजाराचा खर्च तीन वर्षांनंतर मिळाला असता, एवढंच." मी फोन ठेवला. धावत भावाच्या खोलीवर गेलो तर कुलूप. नव्या कामावर गेला होता, कुठल्या ते मला माहीत नाही. फोन लागत नाही. म्हणून ११ वाजता इथे आलो. माझा गुन्हा काय तो लिहा, पण आधी त्याला शोधा, असं मी साहेबांना सांगितलं.

हवालदारांनी त्याच्या ठेकेदाराला फोनवर गाठलं. भाऊ सहाव्या मजल्याबाहेर, दोरावरच्या फळीवर आहे. मी हात जोडून म्हणालो, वर असताना काही सांगू नका, दचकेल. दादाने जेवायला बोलावलंय, एवढंच म्हणा.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. खालची सही माझ्याच हातची आहे. सही करेपर्यंत भाऊ खाली उतरल्याचा निरोप आलेला नाही.