अर्ध्या कोब्यावर सही

नाही नाही, उठू नका केसरीनाथशेठ, बसा — तडा गेलाय, मान्य, पण ही तुमच्या कोब्याच्याच काँक्रीटची नमुन्याची फळी, मोडणार नाही, म्हणजे मोडू नये, तडा गेल्यावरही आत्ताच तिच्यावर सिमेंटच्या दोन गोण्या ठेवून पाहिल्यात मी, आणि तुम्ही किती, नव्वद किलो? — बसा मग, दहा किलोची सवलत आहे. पाय तेवढे हलवू नका. आणि ती दुसरी, ते दोन तुकडे पडलेत ना, ती माझी फळी. तीही तिसऱ्याच गोणीला गेली, पण ही नुसती चिरली आणि वाकून उभी राहिली, ती मात्र फाडकन, गोणीसकट माझ्या बुटावर. हसा, हसा. माल कालवणारी ती बायडीही हसली.

काँक्रीट म्हणजे कसं, दाबलंत तर सोसतं, वाकवलंत तर खालून ताणलं जातं आणि फाटतं. म्हणून तर तुमच्या गोदामाच्या कोब्यात हे बोटभर तारेचे तुकडे घातले. त्यांच्यामुळे तडा फार उशिरा जातो असं नाही — थोडा जात असेल, मी टक्के सांगत नाही, टक्के सांगितले की मला रात्री झोप लागत नाही — पण तडा गेल्यावर तारा दोन्ही काठ टाके घातल्यासारखे धरून ठेवतात. तेवढंच त्यांचं काम. पण त्यासाठी तारा सगळीकडे सारख्या पसरायला हव्यात, आणि तिथेच — हे बघा, माझ्या फळीतून काय निघालं. घरटं नाही हो, तारांचा गोळा आहे! एकाच जागी सगळ्या तारा, आणि बाकी फळीत नावालाही नाहीत.

कसा झाला? सांगतो. कोबा टाकायचा होता त्या दिवशी सकाळी मी उभा होतो, टोपी घालून. मी म्हटलं, मिक्सरमध्ये आधी ताराच ओता, पिशवीच्या पिशवी. बायडी म्हणाली, ‘साहेब, अशी वतली तर गोळा हुतो, न्हाय का? सुपानं सोडू का?’ आता ती डोंगरावरची, भात पाखडणारी बाई, आणि मी डॉक्टरेट. मी म्हटलं, ‘बाई, हे शास्त्र आहे.’ असंच म्हटलं. शब्द आठवतात मला, दुर्दैवाने. आणि ऑफिसच्या बाजूचा अर्धा कोबा तसाच झाला, ती फुटलेली फळी त्याच मालाची. मग तुमच्याकडून बोंबलाचं कालवण आलं, भाकरी आली, मी जेवलो आणि खुर्चीत — डोळे मिटले, एवढंच. जागा झालो तो आवाजाने. झिर्र, झिर्र. बघतो तर ती सुपातून तारा सोडतेय फिरत्या मालावर, मूठमूठ, हलक्या हाताने, तांदूळ निवडल्यासारखं. मी काय केलं असेल? ओरडलो? छे. म्हटलं, ‘हां, आता बरोबर.’ जणू मीच शिकवलं! तो मागचा अर्धा कोबा तिचा. तुम्ही बसलायत ती फळी त्याच मालाची.

नाही शेठ, सगळ्यावर एक सही नाही करता येत. सोमवारी रॅक येणार, कळतं मला. पण त्या वीस फुटी रॅकचा पाय बिनतारेच्या जागी आला, कोबा फुटला, रॅक कलला, खाली फोर्कलिफ्टवाला — नको. ऑफिसची बाजू फोडावी लागेल. पुन्हा टाकावी लागेल.

कोणाला कळणार, म्हणता?

हं. कोणाला कळलं होतं तेव्हा तरी. मी माझ्या प्रबंधासाठी अठरा तुळया मोडल्या होत्या. प्रबंधात पंधराच आहेत. तीन अशाच फाडकन गेल्या, पोटात गोळे घेऊन. मी लिहिलं, यंत्र बिघडलं होतं. यंत्र ठणठणीत होतं हो! सगळी गंमत त्या गोळ्यांतच होती, त्या तीन तुळयांवरच लिहायला हवं होतं, पण माझा आलेख इतका सुरेख आला होता — आणि मग एकेचाळीस वर्षं मी पोरांना फळ्यावर तो आलेख काढून — हे कशाला सांगतोय मी तुम्हाला? विसरा. नाही, विसरू नका. अडाणी माणूस चुकला तर चुकून चुकतो, मी शिकून चुकलोय, दोनदा.

द्या तो कागद. हे बघा, ‘मागची बाजू योग्य. ऑफिसची बाजू नापास, चूक देखरेख करणाऱ्याची.’ देखरेख करणारा म्हणजे मी, तुमचं नाव कुठेच नाही. आणि पुन्हा टाकाल तेव्हा मला नका बोलावू, बायडीला विचारा, ती सांगेल तसं करा. ती उद्यापासून कामावर नको? का? कोबा बिघडला म्हणून? तिने काय — अहो, चूक माझी आणि काढताय तिला? तिला काढलंत तर हा कोबा टाकणार कोण, मी? पुन्हा मी? बघा, स्वतःच बघा दोन्ही फळ्यांकडे, आणि मग सांगा, कोणाला काढायचं.

...हां. मलाच. तेच म्हणतो मी.

चला, झालं. घ्या कागद, शाई वाळू द्या. — शेठ? अहो शेठ, गाडी काढताय तर मला अंजूरफाट्यापर्यंत —

बरं. जातो चालत.