खोटा शुक्रवार

आफरीन: शुक्रवारी मी येणार नाही म्हटलं ना. अकरा ते दोन माझा बारावीचा पेपर आहे.

ताबीश: आणि शुक्रवारीच टेंभुर्णीच्या शाळेचे दीडशे ड्रेस द्यायचेत, आफरीनआपा. ॲपमध्ये बघा, लाल अक्षरात आहे. कटिंगला तुमच्याशिवाय कोण उभं राहणार?

आफरीन: लाल अक्षर खोटं आहे.

ताबीश: ॲप खोटं बोलत नाही.

आफरीन: तू बोलतोस. मी शाळेत फोन लावला. तिथले क्लार्क गुरुशांत म्हणाले, "मंगळवारी द्या की, ठरलंय तसं." मंगळवार! शुक्रवारच्या पुढचा.

महानंदा: अगं बाई. चार दिस?

आफरीन: दर वेळी चार दिवस, मावशी. मार्चमध्ये माझा हाच पेपर बुडाला. "आज शेवट, आज शेवट" करत ह्यानं मला कात्रीला जुंपलं. म्हणून आता जुलैत परत बसतेय. छत्तिसाव्या वर्षी.

महानंदा: म्हंजी माज्या नातीचं बारसं... करकंबला समदी वाट बघत व्हती. मी हितं कॉलर जोडत बसले. आन् त्ये गठ्ठे मंग चार दिस माज्याच पायापाशी पडून! मला वाटलं, टेम्पो आला नसंल.

ताबीश: ऐका तरी. खरी तारीख सांगितली की सगळ्यांचे हात शेवटच्या दिवशी चालतात. अब्बांच्या हातून एका शाळेची ऑर्डर अशीच गेली. ॲपची घंटी वाजते तारखेच्या दिवशी. मग मी तारीखच अलीकडे ओढली. काय चुकलं?

आफरीन: तारखेखाली दुसरा रकाना आहे. "आठवण". वर्षभरात एकदा तरी उघडलास? घंटी पाहिजे तेव्हा वाजव, पाच वेळा वाजव. तारखेला हात लावू नको.

ताबीश: आता तुम्ही मला ॲप शिकवणार?

आफरीन: शिकवणार. गुरुवारी वाजव, कटिंग झालं का. शनिवारी काजबटण. सोमवारी इस्त्री. मंगळवार मंगळवारच राहतो, आणि माझा शुक्रवार माझा.

ताबीश: कारखाना माझा आहे. शुक्रवारी आला नाहीत, तर शनिवारी येऊ नका.

(एक मशीन थांबतं. मग दुसरं. मग सगळीच.)

ताबीश: मशीनं का बंद केली?

महानंदा: आयकू येत न्हवतं, म्हून. पुन्यांदा बोला की, मालक. शनवारी कुनी येऊ नगं?

ताबीश: मावशी, तुम्ही मध्ये पडू नका.

महानंदा: मदी कुटं? तिच्या बाजूला हुबी हाय मी.

आफरीन: ताबीश, तुझ्या अब्बांच्या, खाजाभाईंच्या हाताखाली मी कात्री धरली, तेव्हा तू शाळेच्या चड्डीत होतास. ती चड्डीही मीच कापलेली. म्हणून हक्कानं सांगते. आता अकरा जणींना कळलंय. पुढं तू कुठलीही तारीख टाक, प्रत्येक जण मनात चार दिवस वाढवणार. एखाद दिवशी तुझी तारीख खरी असेल. तेव्हा कुणाला पटवशील?

(ताबीश मोबाइलवर ॲप उघडतो.)



ताबीश: कुठाय ती आठवण?

आफरीन: खाली. घंटीचं चित्र. आधी शुक्रवार खोड.

ताबीश: खोडला. मंगळवार, आठ जुलै. झालं समाधान?

आफरीन: घंट्या?

ताबीश: गुरुवार. शनिवार. सोमवार. तुमच्या पेपरचीही लावू?

आफरीन: ती मला लागत नाही.

महानंदा: मंग माजी लाव. नातीचं उष्टावण हाय करकंबला. घंटी दोन दिस आदी वाजव, पिशवी भराया.

ताबीश: तारीख सांगा, मावशी.

महानंदा: चोवीस. खरी हाय.