गिटारीचा नारळ

नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या गिटारीला भेटायला जाताना माणसाने नारळ का न्यायचा? बरं, नेला नाही तर ती म्हातारी मला आत सोडत नाही. मला! म्हणते, "रिकामा हाते कोठे चालना, भाऊ?" अहो बाई, मी रिकाम्या हाताने आलो नव्हतो, मी चांगली गिटार घेऊन आलो होतो, रिकाम्या हाताने तुम्ही मला परत पाठवलंत! पण हे तिला सांगणार कोण? आणि आम्ही कोण? आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं! घरात देव नाही, देव्हारा नाही, चटणीसाठी नारळ फोडायचा झाला तरी अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या धाकाने मोरीत बसून फोडायचा, उगाच कुणाला पूजेचा संशय नको… आणि त्या घरातली गिटार आज… थांबा, असं नाही कळणार तुम्हाला, पहिल्यापासून सांगतो.

तर गिटार. लाल, इलेक्ट्रिक, थेट मुंबईहून आणलेली. अख्ख्या नाशिक रोडला तेव्हा अशी गिटार नव्हती. ऑफिसात दिवसभर फायलींना दोरे बांधायचे आणि संध्याकाळी घरी येऊन गिटारीच्या तारा छेडायच्या, हे माझं सुख. आता वाजवायचो कसा ते विचारू नका. मी गिटार काढली की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. अप्पा बिचारे घरातलेच, ते कुठली खिडकी लावणार, ते कानात कापूस घालायचे. मी एकदा मोठ्या उमेदीने म्हटलं, "अप्पा, येत्या जयंतीला कॉलनीच्या स्टेजवर मी स्वतः वाजवणार." अप्पा कापूस न काढताच म्हणाले, "मल्हारी, जयंती आनंदाचा दिवस असतो."

पण मी ठरवलंच होतं. एकदा, फक्त एकदा, अप्पांनी कापूस काढून ऐकायचं. तुम्हाला सांगतो, याच एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप होता!

आता आमचा एक ऑर्केस्ट्रा होता, लग्नांत-यात्रांत वाजवणारा, त्यात माझी गिटार वाजवायचा कोण? अन्सार. भद्रकालीत टेप-रेडिओ दुरुस्त करणारा अन्सार शेख. बोटं अशी, की बंद पडलेला रेडिओ नुसता हात लावला तरी गाऊ लागेल. गिटार माझी, बोटं त्याची, असा आमचा संसार. तो स्टेजवर पुढे, आणि मी मागे, खुळखुळे हलवत. काही हरकत नव्हती माझी. शपथ, काही हरकत नव्हती.

पण त्या वेळी व्हिडिओ नवा नवा आलेला! मालेगावला याच्या मावसभावाचं लग्न, तिथे भाड्याने व्हिडिओ आणलेला, आणि कुणीतरी भलतीच कॅसेट घातली. दुसऱ्या दिवशी अन्सार माझ्या ऑफिसात, धापा टाकत. "मल्हारीभाऊ, क्या बताऊं! एक गोरा होता, केस इथपर्यंत, अगदी जान ओतून वाजवलं त्याने, और फिर गिटार उचलली, और धाड! स्टेजवर! फिर धाड! तुकडे तुकडे! पब्लिक पागल!"

मी म्हटलं, "आणि मग पुढचं गाणं त्याने कशावर वाजवलं?"

"पता नहीं भाऊ, कॅसेट संपली."

घ्या! अहो, त्या गोऱ्याच्या घरी आणखी चार गिटारी असतील, आमच्याकडे काय आहे? आमच्याकडे पेटीला पाय लागला तर माणूस कान पकडतो, तबला ओलांडायचा नाही म्हणून लोक वळसा घालून जातात! मी देव मानत नाही, पण गिटारीला पाय लागला तर माझाही हात आपोआप जातो गिटारीला आणि मग छातीला… तेवढं अप्पांना सांगू नका. पण अन्सारने तर केस वाढवायला घेतले! आणि आमचे ऑर्केस्ट्रावाले काय म्हणाले? म्हणाले, "भारी आयटम आहे! दुसरे ऑर्केस्ट्रावाले स्टेजवर धूर सोडतात, आपण गिटार फोडू." आपण! गिटार कुणाची? माझी. मला विचारलं कुणी? नाही.

पुढचा कार्यक्रम एका गावच्या यात्रेत होता, त्यासाठी शेवटी तोडगा निघाला. खोटी गिटार करायची, लाल रंग द्यायचा, गाणं संपलं की क्षणभर लाइट घालवायचे, अन्सारने खरी माझ्या हातात द्यायची, खोटी घ्यायची, लाइट आले की हवी तितकी आपट म्हणावं! मी खूश. गेलो आमच्या कारभारी मिस्तरींकडे. म्हटलं, "मिस्तरी, हलक्या प्लायची करा, पहिल्याच आपटीत दोन तुकडे झाले पाहिजेत."

मिस्तरींनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे बघितलं, परत कानावर ठेवली. "तुटायसाठी करायची?"

"हो."

"यात्रेत? लोकांसमोर?"

"हो, मिस्तरी."

"आणि लोक इचारतील, का बाबा, कुनी केली ही गिटार, तर काय सांगाल? कारभारीनं केली, एका दणक्यात गेली? दादा, माझ्या हातच्या खाटेवर तीन पिढ्या जन्मल्या हो!"

मी नाटक समजावलं, लाइट समजावले, व्हिडिओ समजावला. मिस्तरी म्हणाले, "बरं, बरं." आता आपल्याकडे दोनदा "बरं" म्हणणारा माणूस एकदाही ऐकत नसतो हे मला कळायला नको? निघायच्या दिवशी सकाळी मिस्तरी स्वतः गिटार घेऊन आले. मी एका हाताने उचलायला गेलो, माझा खांदाच खाली आला. "सागवान आहे," मिस्तरी म्हणाले, "सांध्याला आतून लोखंडी पट्टी घातली. नातवापर्यंत हलणार नाय." अहो मिस्तरी, ती मला आज रात्रीपर्यंत टिकायला नको आहे! पण बाहेर एसटी उभी, टपावर सामान चढलेलं, मी काय करणार? चढवली तीही.

देवळ्याच्या अलीकडचं गाव. माघातली यात्रा. पुढे बाया-पोरं, मागे गडीमाणसं, आणि सगळ्यांचे चेहरे उतरलेले, कारण कांदा पडलेला! भाव नाही, दारात कांद्याचे ढीग. पण अन्सारने वाजवायला सुरुवात केली आणि खरं सांगतो, ते उतरलेले चेहरेसुद्धा डोलायला लागले. माझी गिटार इतकी सुंदर वाजते हे मला त्या दिवशी कळलं हो! गाणं संपलं, लाइट गेले, खरी माझ्या हातात आली, खोटी त्याच्या हातात गेली, लाइट आले. सगळं ठरल्याप्रमाणे! अन्सारने ती डोक्यावर उचलली आणि… ठक्क.

काही नाही. पुन्हा उचलली… ठक्क. तिसऱ्यांदा काडकन आवाज आला, म्हटलं सुटलो, बघतो तर काय, स्टेजची फळी मोडलेली आणि गिटार शाबूत! रंगाचा टवकाही नाही! आणि पब्लिक सुरू. "ओ कलाकार, धुनं धुता का?" "आरं हान ना, जेवला नाय का?" शिट्ट्या, हशा, कुणी टोपी फेकतंय! अन्सारचं तोंड त्या गिटारीपेक्षा लाल झालं. एवढं जीव ओतून वाजवलेलं, त्यावर हे! त्याने तो सागवान सोडला, तो बरोब्बर माझ्या पायावर पडला, मी पाय धरून एका पायावर नाचतोय, तेवढ्यात त्याने माझ्या हातातली खरी ओढली. मी ओरडलो, "अन्सार, ती नको! अरे ती आपली आहे!"

धाड!

पहिल्या आपटीत, अहो, पहिल्या! परदेशी माल! गेली. वायर तशीच जोडलेली, त्यामुळे झाडावर बांधलेल्या कर्ण्यातून असा काही आवाज निघाला, भ्वांऽऽऽ, की झाडावरचे बगळे उडाले, यात्रेतले बैल उठून उभे राहिले. आणि मग सगळं चिडीचूप. टाळी नाही, शिट्टी नाही. मला वाटलं, चला, निदान लोकांना वाईट तरी वाटलं. तर पुढच्या रांगेतून एक म्हातारी उठली, साळूबाई म्हणतात तिला, तिने हात जोडले आणि अशी ओरडली, "माय वं! अंगमा उनी! देवी उनी!"

संपलं! अख्खं मैदान उभं राहिलं. कुणी लिंबू आणतंय, कुणी हळद-कुंकू, एकीने तर तान्हं पोर आणून अन्सारच्या पायावर घातलं. आणि अन्सार कसा दिसत होता? केस मोकळे सुटलेले, घामाने डबडबलेला, डोळे लाल, अंग थरथरतंय, तार लागून दोन बोटांतून रक्त. आता अंगात आलेला माणूस याहून वेगळा कसा दिसतो? मी लंगडत पुढे झालो. "अहो, असं काही नाही! तो अन्सार आहे! अन्सार शेख! भद्रकालीत टेप दुरुस्त करतो!"

साळूबाईने माझ्याकडे अशी कीव करून पाहिलं. "देव काय जात पाहस का, भाऊ?"

बोला! जन्मभर भाषणांतून जे ऐकलं ते ही बाई मला ऐकवते! एरवी मी टाळी दिली असती. पण गिटार कुणाची? माझी. मला विचारलं कुणी? नाही.

तेवढ्यात एक शेतकरी पुढे आला, डोकं टेकलं, म्हणाला, "माय, कांदाले भाव कव्हय भेटी?" आणि त्याच वेळी आमच्या शहाण्याने रडवेला होऊन मला ती कापलेली बोटं दाखवली. "भाऊ, ये देखो…" दोन बोटं! मैदानात एकच गलका. "दोन! दोन बाजार थांबा! कोणी कांदा विकू नका!" अन्सार म्हणतोय, "नहीं नहीं, मेरा हाथ…" पण ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुकडे मागायला गेलो, तर ते हिरव्या खणात बांधून ठेवलेले. "ते आता नेता येणार नाय," एवढंच उत्तर. आम्ही परत आलो. सागवान टपावर, तोही शाबूत. अन्सार देवळ्यापासून नाशकापर्यंत रडत होता, "भाऊ, मैं नयी ला के दूंगा," आणि मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवतोय! ज्याची फुटली त्याने फोडणाऱ्याची समजूत काढायची, हे तुम्ही कुठे पाहिलंत का?

आणि दोन बाजार गेले, आणि कांदा चढला! अहो, कशाने चढला, तिकडे कुठे परराज्यात गारपीट झाली, पेपरात सगळं आलं होतं! पण पेपर वाचून होतंय काय, गिटारीला शेंदूर लागला ना! मी गेलो पुन्हा, तर लिंबाखाली चौथरा, वर पत्रा, आणि आत माझी गिटार. तिला डोळे बसवलेले. कसले? तिचीच बटणं! एक आवाज कमी-जास्त करायचं, दुसरं सूर बदलायचं. आवाजाचा डोळा जरा तिरळा बसलाय. तारा तर राहिल्याच नाहीत, त्या पोरांच्या दंडात गंडे झाल्या.

मी हात जोडून म्हटलं, "साळूबाई, आमच्या कॉलनीत जयंती आहे हो, वडिलांना शब्द दिलाय, मी जोडून घेईन, द्या मला."

ती म्हणाली, "ने ना भाऊ. मी कोण नाही म्हणणारी? पण पहिले तिले विचार." आणि तिने त्या शेंदरावर दोन्ही बाजूंना एकेक फूल चिकटवलं. उजवं पडलं तर न्यायची, डावं पडलं तर राहू द्यायची. कौल! मला कौल लावायला बसवलं! आणि तुम्हाला सांगतो, मी, अप्पांचा मुलगा, बावीस प्रतिज्ञांचा माणूस, डोळे गच्च मिटून मनात म्हणत होतो, उजवं पड, उजवं पड, माय, उजवं पड… तेवढं अप्पांना सांगू नका.

डावं पडलं.

इकडे जयंती आली. मंडळाच्या फळ्यावर खडूने माझं नाव, "गिटार: मल्हारी पगारे", आणि ते लिहायला कुणी सांगितलं? अप्पांनी! मला वाटायचं त्यांना लाज वाटते माझी. आता त्यांना काय सांगू? गिटार फुटली? म्हणतील, तुकडे आण. तुकडे कुठायत? शेंदरात! त्यापेक्षा विहीर बरी. शेवटी मी तो सागवान काढला, त्याला वायरी ताणून बांधल्या, गळ्यात अडकवला, मान मोडायची बाकी राहिली, आणि उभा राहिलो स्टेजवर. पहिल्या रांगेत अप्पा. पांढरा शर्ट, पांढरं धोतर. आणि कानात कापूस नाही! हो, मी नीट पाहिलं, दोन्ही कान मोकळे! ज्या एका दिवसासाठी जीव टाकला तो दिवस आला, आणि माझ्या हातात लाकूड! पेटी वाजत होती, ढोलकी वाजत होती, मी नुसती बोटं फिरवत होतो, आवाज म्हणून नाही.

कार्यक्रम संपला. अप्पा स्टेजवर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा! डोळ्यांत पाणी. म्हणाले, "मल्हारी, आज कुठे तुझं वाजवणं कानाला गोड लागलं बघ. आता हे सोडू नकोस."

आता काय करणार, सांगा! रोज संध्याकाळी तो सागवान गळ्यात घालतो आणि बसतो रियाजाला. अप्पा समोर खुर्ची टाकून मान डोलवतात. गिटार कुणाची? माझी. वाजते का? नाही. आणि तुम्हाला सांगतो, शेजाऱ्यांनीसुद्धा आता खिडक्या उघडल्यात.