कालव्याच्या चढावर

निमगाव केतकीजवळचा कालव्याचा चढ तुमी बघितलाय न्हवं? तितं गेल्या हंगामात माझी पाचावर धारण बसली. ट्रॉलीत ऊस जरा जास्तच भरला हुता. निम्म्या चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली आन् रस्ता दिसायचाच बंद झाला, समोर नुसतं आभाळ. घाबरून क्लच दाबला. चाकं खाली टेकली, पण भरली ट्रॉली मागं ओढाय लागली. ब्रेक काय धरंना. मागनं चालत येणाऱ्या माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, पळत येऊन ट्रॉलीच्या चाकाखाली मोठा दगड सारला. ट्रॅक्टर थांबला. खाली उतरलो.

"तात्या, वाचवलं मला."

तात्या रस्त्यातच बसले हुते. म्हणले, "तुला वाचवायचं कुठलं माझ्या ध्यानात हुतं? मागं बघ."

ट्रॉलीपासनं चार हातांवर शाळेची गाडी उभी हुती, पोरांनी भरलेली.